बोक्याला नो एंट्री!

रात्री दीड वाजता असाइनमेंट बाजूला सारून रील्स बघत बसणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर ते रील तुमच्या फीडवर एकदा तरी येऊन गेलेलं असणार. बाहेर पाऊस पडतोय. मागच्या दाराला खाली एक चौकोनी झडप आहे. मांजर डोकं पुढे करतं, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि बाईसाहेब आत. तिच्या मागून एक थोराड बोका येतो, तोही डोकं लावतो, पण झडप ढिम्म हलत नाही. खाली कॉमेंट्समध्ये निम्म्या लोकांना हे दार कुठे मिळतं ते हवं असतं. आपल्यापैकी कुणीतरी ते फॅमिली ग्रुपवर टाकून लिहितं, ‘आपल्या मनीसाठी घेऊ या ना!’

घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण घ्यायच्या आधी मोबाइल खाली ठेवा आणि तीन गोष्टींकडे बघा: मांजर, दार आणि गल्लीतला बोका. कारण हे दार ज्या गोष्टीवर विकलं जातं, ते फोनवरचं अॅप, ती यातली सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे. सगळ्यात जास्त कामाची आहे ती मांजराच्या कातडीखालची चिप. आणि ती दाराच्या खोक्यात मिळत नाही.

मुळात हे प्रकरण ब्रिटिश घरांचं. एकाला एक चिकटलेली दोन मजली घरं, मागे चिमूटभर बाग, बागेत उघडणारं दार, आणि मांजरानं दिवसातून दहा वेळा आतबाहेर करायचं ही रीत. माणसानं प्रत्येक वेळी उठून दार उघडायचं म्हणजे नोकरीच झाली! म्हणून दाराला भोक. ही आयडिया काही आजची नाही. इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथेड्रलमध्ये जुन्या खगोलीय घड्याळाखाली एक दार आहे, त्याला खाली गोल भोक आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या बिशपनं ते सुताराकडून पाडून घेतलं. घड्याळाच्या दोरांना लावलेल्या चरबीवर उंदीर यायचे, म्हणून मांजराची ये-जा हवी होती, असं सांगतात. न्यूटननं मांजरासाठी मोठं आणि पिल्लांसाठी लहान अशी दोन भोकं पाडली हा किस्साही तुम्ही ऐकला असेल. भारी आहे, पण त्याला पुरावा काही नाही.

भोकाची अडचण एकच. ते कुणालाही ओळखत नाही. तुमची मनी ज्या वाटेनं येते त्याच वाटेनं शेजारचा बोका येतो, तिच्या ताटलीतलं खाऊन जातो, सोफ्यावर फवारा मारून आपली हद्द आखतो. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना विचारा, तो वास आठवडाभर जात नाही. पण खरा त्रास मांजराला होतो. आपल्याच घरात ते दबकून वावरायला लागतं, पलंगाखालून बाहेर येत नाही, भलत्या कोपऱ्यात शू करतं. आणि आपण म्हणतो, ‘हिला काय झालंय कळत नाही.’

यावर आधी लोहचुंबकाचे पट्टे आले. गळ्यात चुंबक, दारात चुंबकाचं कुलूप. पण चुंबक चुंबकाला ओळखतं, मांजराला नाही. बोक्याच्या गळ्यातही चुंबक असलं की झालं, उघडलं दार. शिवाय पट्टा झुडपात अडकून हरवतो, आणि हरवला की स्वतःच्याच घराबाहेर मनी ओरडत बसते. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ निक हिल यांनी पट्ट्याचा नादच सोडला आणि मांजराच्या अंगात आधीच असलेली चिप वाचणारी झडप बनवली. शुअरफ्लॅप नावानं ती २००८ मध्ये बाजारात आली. आता पेटसेफ, कॅट मेट असे इतरही पर्याय आहेत. पण कल्पना तीच.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब काचेची कुपी. व्हेट ती सुईनं खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतो. तिच्यात बॅटरी नसते. मेट्रोचं कार्ड गेटला टेकवलं की ते कार्ड क्षणभर जागं होऊन आपली ओळख सांगतं ना, तसंच हे. झडपेच्या बोगद्यात छोटा अँटेना असतो. मांजरानं डोकं आत घातलं की चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि कुलूप सुटतं. हा नंबर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १५ आकडी असतो. चिपमध्ये जीपीएस नाही, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘चिप बसवली की मांजर कुठंय ते फोनवर दिसतं’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. चार-पाच बोटांपलीकडून ती चिप वाचताही येत नाही.

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला वीस आठवड्यांचं व्हायच्या आत चिप बसवणं कायद्यानं सक्तीचं झालं. नाही बसवली तर २१ दिवसांची मुदत, आणि तरीही टाळलं तर ५०० पौंडांपर्यंत दंड. हा कायदा दारासाठी आलेला नाही. हरवलेलं किंवा रस्त्यावर गाडीखाली आलेलं मांजर कुणाचं हे कळावं, यासाठी तो आला. तिथली नव्वद लाखांवर पाळीव मांजरं, त्यातल्या २३ लाखांपर्यंत मांजरांना चिपच नाही, असा तेव्हा सरकारी अंदाज होता.

आता निवडीचं बघू. लेस्टरला किंवा मँचेस्टरला मास्टर्सला निघालेल्यांनी इथे नीट लक्ष द्या, कारण चारजणांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या घरात हाउसमेटचं मांजर असणं तिथे अगदी कॉमन आहे, आणि हे दार निवडायची चर्चा किचनमध्ये तुमच्यासमोरच होणार आहे.

सगळ्यात पहिला प्रश्न: झडप चिप कधी वाचते? आत येताना फक्त, की बाहेर जातानाही? बहुतेक स्वस्त मॉडेल्स फक्त आत येताना वाचतात. बाहेर जायला सगळ्यांना रान मोकळं. एकच मांजर असेल आणि भांडण फक्त बोक्याशी असेल, तर एवढं पुष्कळ झालं, जास्तीचे पैसे घालवू नका. पण घरात दोन मांजरं आहेत, एक हिंडफिरी आणि दुसरं आजारी किंवा अजून लहान, तर दोन्ही बाजूंनी वाचणारीच घ्या. तीच झडप एकीला सोडते आणि दुसरीला अडवते. दुकानदार हा फरक स्वतःहून सांगेलच असं नाही.

दुसरा प्रश्न दाराचा, आणि इथे खूप जण आपटतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या दाराला भोक पाडता येतं. काचेचं दार असेल तर ती काच बहुतेक वेळा टफन्ड असते, आणि तिला नंतर भोक पाडायला गेलात तर ती अख्खी फुटून तिचा चुरा होतो. भोकासकट नवीन काच मागवावी लागते, ती झडपेपेक्षा महाग पडू शकते. धातूचं दार अँटेनाच्या कामात अडथळा आणतं, त्यासाठी वेगळी चौकट घ्यावी लागते. आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडेल याच्या भरवशावर राहू नका.

मापाचं फार बोलत नाही. नेहमीच्या मांजराला नेहमीची झडप पुरते. बोजड बोका पाळला असेल तर छोट्या कुत्र्यांसाठीची मोठी झडप घ्या. चिप जुनी असेल, नंबर ९ किंवा १० आकडी असेल, तर झडप तो वाचते का हे आधी तपासा. सेल मात्र विसरू नका. बरीच मॉडेल्स चार पेन्सिल सेलवर चालतात, महिनोन्‌महिने टिकतात, आणि म्हणूनच ते संपत आल्याचा लाल दिवा कुणी बघत नाही. सेल संपले की आत येतानाचं कुलूप उघडणार नाही. जानेवारीतल्या रात्री मांजर बाहेर, आणि तुम्ही वर हेडफोन लावून झोपलेले.

आता अॅप. त्यात मांजर किती वाजता गेलं, किती वाजता आलं, किती वेळ बाहेर होतं याचा आलेख दिसतो. त्यासाठी राउटरला जोडायचा वेगळा डबा लागतो, वेगळे पैसे लागतात. लेक्चरमध्ये बसून ‘मनी ३.४२ ला घरी आली’ हे वाचण्यात मजा आहे, नाही असं नाही. पण मजेचे पैसे देतोय हे माहीत असू द्या. मला विचाराल तर ते पैसे मांजराच्या वर्षाच्या लशीवर घाला.

एक फीचर मात्र मी आवर्जून मागेन, वेळेचं कुलूप. अंधार पडायच्या आत मांजर घरात आलं की झडप बाहेर जाण्यासाठी बंद, सकाळी उजाडल्यावर उघडी. मांजरांची धावपळ तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त असते, गाड्यांचे दिवेही तेव्हाच डोळ्यांवर येतात. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळी दणक्यात होते, आणि त्याच सुमारास ५ नोव्हेंबरला अख्ख्या इंग्लंडमध्ये बॉनफायर नाइटचे फटाके उडतात. त्या दिवसांत मांजर संध्याकाळी चारलाच आत घेऊन झडप बंद करा. लक्ष्मीपूजन तुमचं, धसका तिचा, असं कशाला?

मांजरानं मुळात बाहेर जावंच का, हा वाद तिकडेही पेटलाय. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावानं २०२२ च्या मे ते ऑगस्ट या काळात गावाच्या एका भागातल्या मांजरांना चक्क घरात कोंडायचा हुकूम काढला. कारण काय, तर तुरेवाला चंडोल हा दुर्मीळ झालेला पक्षी तिथे जमिनीवर घरटं करतो. मांजर मोकळं दिसलं तर ५०० युरो दंड, आणि त्यानं चंडोल मारला तर ५०,००० पर्यंत! हे थोडं टोकाचं वाटतं मला. पण आपलं मांजर ‘नुसतं फिरून’ येतं यावर विश्वास ठेवणंही भाबडेपणाचंच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या बेन हॅम यांनी आपल्या मांजराच्या हजारो फोटोंवर एक मॉडेल शिकवलं. तोंडात शिकार दिसली की दार पंधरा मिनिटं बंद, आणि वर पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला आपोआप देणगी. इंजिनिअरिंगच्या फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी ही आयडिया चोरायला हरकत नाही. चौथ्यांदा स्मार्ट डस्टबिन करण्यापेक्षा बरी.

राहिला तुमचा ग्रुपवरचा प्रश्न, आपल्या मनीसाठी घेऊ या का? तुम्ही कोथरूडला किंवा डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहत असाल तर नको. दाराबाहेर बाग नाही, जिना आहे. जिन्याखाली पार्किंग, पुढे रस्ता. तिथे झडप लावणं म्हणजे मांजराला स्वातंत्र्य देणं नव्हे, त्याला रिक्षाखाली पाठवणं आहे. त्याऐवजी बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी लावा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाळीवरून जितकी बोंबाबोंब होईल, त्यापेक्षा जास्त झडपेवरून होईल, एवढं निश्चित.

गावाकडे अंगणाचं घर असेल, मागे परसदार असेल, तर विचार करता येईल. पण आधी नसबंदी. नसबंदी न केलेली मनी बाहेर सोडायची आणि बोक्याला हजारो रुपयांच्या कुलपानं अडवायचं, यात काय अर्थ? बोक्याला तिला भेटायला घरात यायची गरजच नाही. दोन महिन्यांनी ती पिल्लं सात घरं फिरवत बसेल, आणि तुम्ही ‘कुणाला हवीत का’ म्हणून स्टेटस टाकत बसाल. आपल्याकडच्या रस्त्यांवर मांजरं आधीच कमी नाहीत.

आणि चिप. ती दार घ्या किंवा न घ्या, बसवून टाका. पुढेमागे परदेशी जाताना मनीला न्यायचं मनात असेल तर त्याला पर्याय नाही. भारतातून ब्रिटनला किंवा युरोपीय संघात मांजर न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, असा क्रम आहे. लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस धरतच नाहीत, पहिल्यापासून सुरुवात. सप्टेंबरच्या इनटेकला जायचंय आणि मनीचा विचार जुलैत सुचला, तर तिला आजीकडेच ठेवावं लागेल.

व्हेटकडून चिपचा १५ आकडी नंबर लिहून घ्या आणि तो कुठल्या यादीत, कुणाच्या फोन नंबरवर नोंदवलाय हे त्याच वेळी विचारा. आपल्याकडे सगळ्यांनी वापरावी अशी एकच नोंदवही अजून रुळलेली नाही, त्यामुळे हे तुम्हालाच विचारावं लागतं. हॉस्टेलला गेलात, सिम बदललं, की तिथला नंबरही बदला. जमल्यास आईचा द्या, ती फोन उचलते.