तिजोरी नको, रोजकीर्द हवी

गेली बावीस वर्षे मी बँकेत लोकांचे पैसे मोजतो आहे. इतकी वर्षे दुसऱ्याचे पैसे मोजल्यावर माणसाची आयुष्याकडून एकच माफक अपेक्षा उरते : घरी गेल्यावर तरी कुणी आपल्याला 'बॅलन्स किती?' असे विचारू नये. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी तीही धुळीला मिळवली. चपला काढतो न काढतो तोच तळमजल्यावरची तिसरीतली चिमुरडी दारात उभी. डोळे भरलेले. म्हणाली, "काका, माझ्या खात्यात पैसे नाहीत म्हणून मला कुणी पाव देत नाही."

मी हादरलो. आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडणे होतात, पार्किंगवरून होतात, पण पोराला पाव नाकारण्याइतकी वेळ अजून आलेली नव्हती. खुलासा झाला तो असा की, पाव खेळातला होता.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. २००९ साली मार्कुस पर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी तो लोकांपुढे आणला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी अख्खी कंपनी अडीचशे कोटी डॉलर मोजून घेतली. एवढ्या पैशांत त्यांना मिळाले काय, तर ठोकळे! मातीचे ठोकळे, दगडाचे ठोकळे, ठोकळ्याची गाय आणि ठोकळ्याचाच सूर्य. मी हसलो होतो. पण आमच्या इमारतीतल्या सात पोरांनी त्या ठोकळ्यांतून जे गाव उभारले, ते पाहून माझे हसू मावळले. आमच्या घरातला जुना संगणक हा त्यांचा सर्व्हर, म्हणजे गावाची जमीन. सातही जणांनी आपापल्या घरून त्यात शिरायचे आणि एकत्र नांदायचे. गावात एक पूल होता, तो दोघांनी मिळून बांधलेला. काचेचा मनोरा होता. एक पेटी होती, तिच्यात ज्याला जे जास्त असेल ते त्याने टाकायचे आणि ज्याला लागेल त्याने काढायचे. हिशेब नाही, सही नाही, शिक्का नाही. कॉमर्सचा पदवीधर असूनही मला ते दृश्य आवडले, यावरून त्याच्या सौंदर्याची कल्पना यावी.

आणि मग चिरंजीवांना कुणीतरी अक्कल दिली की, प्लगिन नसलेला सर्व्हर म्हणजे फोडणी नसलेली आमटी.

प्लगिन म्हणजे जोडकाम. मूळ कंपनीचा सर्व्हर फुकट मिळतो, पण त्याला हे जोडकाम चालत नाही. म्हणून जाणकार मंडळी 'पेपर' नावाचा वेगळा सर्व्हर वापरतात. त्यात 'प्लगिन्स' नावाचे एक फोल्डर असते. हवी ती फाईल आणून त्यात टाकायची, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, की लागले! फाईल टाकली की तिच्या नावाचे पोटफोल्डर तयार होते आणि त्यात नियमांची एक यादी येते. ती यादी भयंकर सोवळी. ओळ आत सरकवायला मोकळ्या जागाच सोडायच्या. टॅबचे बटण दाबले की विटाळ झाला. एका टॅबपायी चिरंजीव दोन तास डोके धरून बसले होते. सहीचा शेपूट जुळत नाही म्हणून पेन्शनरांना तीनदा परत पाठवणाऱ्या माझ्यासारख्यालाही त्या यादीपुढे आपण उदार आहोत असे वाटले.

पण माझी तक्रार टॅबबद्दल नाही. माझी तक्रार अशी आहे की, प्लगिन ही वस्तू नाहीच. तो कायदा आहे. फाईल टाकणारा एक असतो आणि कायदा पाळणारे सात. आणि त्या सातांना विचारतो कोण?

चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी तीन कायदे केले. पहिला जमिनीचा. त्या प्लगिनात सोन्याचे फावडे घेऊन समोरासमोरचे दोन कोपरे दाखवले की मधली जमीन तुमच्या नावावर. तिथे दुसऱ्याला ठोकळा फोडता येत नाही की ठेवता येत नाही. तलाठी नाही, मोजणी नाही, सातबारा तत्काळ! दुसरा कायदा पैशाचा. 'इसेन्शियल्स' नावाच्या प्लगिनाने प्रत्येकाला खाते उघडून दिले; डॉलरचे चिन्ह काढून रुपयाचे घालण्याइतकी देशभक्ती चिरंजीवांनी दाखवली. तिसऱ्याचे नाव 'व्हॉल्ट'. नाव ऐकून माझा ऊर भरून आला. म्हटले, पोराने बापाचा धंदा पुढे चालवला, तिजोरी बसवली! चौकशीअंती कळले की या तिजोरीत दमडीही नसते. ती नुसती मध्यस्थी करते. एका प्लगिनाचे पैशाविषयीचे म्हणणे दुसऱ्याला कळवते. म्हणजे तिजोरीच्या नावाने दलाल!

पुढचे सारे आठ दिवसांत झाले. ज्याने पुलाखालच्या जमिनीवर फावडे मारले, त्याने पुलाचे मधले सहा ठोकळे काढून ठेवले. आता पैसे द्या, मग तो ठोकळे बसवणार. बांधला दोघांनी, टोल एकाला. दुसऱ्याला स्वतःच्या पुलाची डागडुजीही करता येईना, कारण कायद्याने तो तिऱ्हाईत!

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने ऊस लावला. या खेळात ऊस आहे, आणि पोरगा मूळचा कोल्हापूरकडचा. उसाने उंची गाठली की यंत्र तो वरून कापते, बुडखा तसाच राहतो आणि पुन्हा फुटतो. कायमचा खोडवा! कापलेला माल आपोआप पेटीत. आणि विकायचा कुणाला? सर्व्हरला. चिरंजीवांनी यादीत लिहिलेल्या भावाने सर्व्हर हवा तितका ऊस घेतो. वजनकाटा नाही, थकबाकी नाही, गाळप हंगाम नाही. बरे, हे पैसे येतात कुठून? कुठूनच नाही. आज्ञा दिली की आकडा वाढतो. चार दिवसांत तो साखरसम्राट झाला. फक्त मालक जवळपास हजर असला तरच ते यंत्र चालते, म्हणून त्याने संगणक रात्रभर चालू ठेवला. त्याच्या आईने विजेचे बिल आमच्या सौ.ला दाखवले आणि सौ.ने, जणू ऊस मीच लावला होता अशा थाटात, मला दाखवले.

बाजारात पैसा वाढला आणि माल तेवढाच राहिला, की काय होते हे मी बी.कॉम.ला चार गुणांसाठी लिहिले होते. इथे ते डोळ्यांनी पाहिले. पाव वीस रुपयांना झाला. पेटीत कुणी काही टाकेना. आणि जिला ना ऊस लावता येत होता ना फावडे चालवता येत होते, ती माझ्या दारात रडत उभी राहिली.

आता यावर शहाण्यांचे उत्तर तयार असते. आमच्या शाखेतले एक साहेब म्हणाले, "अहो, पोरांना लहानपणीच अर्थशास्त्र कळते आहे!" मला हे मान्य नाही. पैसा माणसाने शोधला तो अनोळखी माणसाशी व्यवहार करता यावा म्हणून. सात पोरे एकाच जिन्यावर वाढलेली. एकाला ताप आला तर दुसऱ्याच्या घरून पेज येते. त्यांच्यात पैसा घालणे म्हणजे अर्थशास्त्र शिकवणे नव्हे, ओळख विसरायला शिकवणे. ते जग त्यांना शिकवणारच आहे. त्यासाठी आमच्यासारखी माणसे सकाळी दहापासून बसलेली असतात.

दुसरे शहाणे म्हणतात, प्लगिनचा खरा धोका व्हायरसचा. खोटे नाही. २०२३ च्या जूनमध्ये नामांकित ठिकाणी ठेवलेल्या काही माइनक्राफ्टच्या जोडफायलींतूनच संगणकात चोर शिरल्याचे उघड झाले होते. आत घेतलेल्या फायलीला घरभर वावर असतो. तेव्हा वाटेवरची फाईल उचलून आणू नये, हे मीही सांगतो. पण चोर सापडला की त्याला हाकलता येते. जो कायदा आपणच पाट मांडून घरात बसवला, त्याला चोर म्हणायला जीभ धजत नाही. म्हणून तो जास्त धोक्याचा.

"मग चोरी झाली, कुणी कुणाचे घर फोडले, तर?" चिरंजीवांचा सवाल रास्त होता. त्यावर माझे उत्तर प्लगिनच आहे. होय, मी प्लगिनविरोधी नाही! 'कोअरप्रोटेक्ट' नावाचे एक आहे. कुठला ठोकळा कुणी, केव्हा फोडला किंवा ठेवला याची ते निमूटपणे नोंद ठेवते, आणि वेळ पडली तर फोडलेले होते तसे करून देते. ही झाली रोजकीर्द! बँकेत रोजकीर्द ठेवतात ती माणसे चोर आहेत म्हणून नव्हे. उगाच कुणाला चोर म्हणायची पाळी येऊ नये म्हणून. तिजोरीने माणसे दूर बसतात, रोजकिर्दीने नुसती नीट बसतात. प्लगिन घ्यायचे तर एवढे विचारून घ्या : याने कुठले भांडण मिटणार, आणि कुठले नवे सुरू होणार?

चिरंजीवांना पटले. इतके पटले की, "आज रात्रीच सगळ्यांची खाती बंद करतो" म्हणाले. मी त्यांचा हात धरला. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रातोरात रद्द झाल्या तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. काचेपलीकडचे चेहरे अजून आठवतात. म्हटले, "न विचारता आणलेस, तसेच न विचारता नेऊ नकोस."

रविवारी आमच्या हॉलमध्ये सभा भरली. सौ.चे पोहे, सात सभासद. साखरसम्राटाने कडाडून विरोध केला. त्याच्या खात्यात चौदा लाख होते. चिमुरडीच्या खात्यात शून्य होते, तरी मत एकच होते. पाच विरुद्ध दोन मतांनी पैसा आणि फावडे दोन्ही गेले. आधी गावाची नक्कल करून ठेवली, मग सर्व्हर बंद केला, मग फायली काढल्या. रोजकीर्द बसवली.

एक मात्र सांगायला हवे. फाईल काढली तरी तिच्या नावाचे पोटफोल्डर तसेच मागे राहते, आत सगळ्यांची जुनी खाती. ते हाताने पुसावे लागते. चिरंजीवांनी पुसले. पण परवा पुलाचा एक ठोकळा निखळला, तेव्हा साखरसम्राट तो बसवायला निघाला आणि जाता जाता सवयीने म्हणाला, "किती देणार?"

मग स्वतःच ओशाळला आणि ठोकळा बसवून आला. हे पोटफोल्डर पुसायला जरा वेळ लागेल.