गळ, भरती आणि खाडीची मालकी

रविवारी पहाटे चिपळूणजवळच्या गोवळकोटला, किंवा वाशिष्ठीच्या खालच्या अंगाला एखाद्या खारबांधावर, गळ टाकून बसलेली चार-दोन माणसे दिसतात. कुणी शाळामास्तर असतो, कुणी एस.टी.चा वाहक, कुणी रात्रपाळी आटोपून थेट काठावर आलेला कारखान्यातला कामगार. मासे विकणे हा यांपैकी कुणाचाही धंदा नव्हे. मासा लागला तर घरी कालवण होते. न लागला तर आठवड्याचा शीण तरी पाण्यात सोडून माणूस घरी परततो. या छंदाला अजून तिकीट लागत नाही, सभासदत्व लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. काठावर पोचायला पायवाट आणि पाण्यात जिवंत मासा एवढ्या दोनच गोष्टी लागतात. आज या दोन्ही गोष्टी धोक्यात आहेत.

खाण्यापिण्याचे, रोजगाराचे प्रश्न समोर असताना रविवारच्या करमणुकीची चर्चा कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. तो वरवर कठोर वाटला तरी कामगार चळवळीच्या इतिहासाला धरून नाही. ज्या रविवारी हा गळ पाण्यात पडतो, तो रविवार कुणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १० जून १८९० पासून ही साप्ताहिक सुट्टी मिळाली. कामगाराला भाकरी हवी तसाच स्वतःचा म्हणून थोडा वेळही हवा, हे त्या लढ्याचे सूत्र होते. मिळालेला वेळ घालविण्याच्या जागाच जर एकेक करून विकत घेण्याच्या वस्तू होऊ लागल्या, तर सुट्टी कागदावर राहील आणि तिचा उपभोग फक्त पैसेवाल्यांच्या वाट्याला येईल.

शिवाय हा छंद म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा नव्हे. खाडीचे जे ज्ञान शासनाच्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, ते या माणसांच्या अंगवळणी पडलेले असते. तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी तीच वेळ पाऊण तासाने पुढे. मात्र हा हिशेब खाडीच्या मुखाचा. दाभोळला पाणी चढू लागले तरी वर गोवळकोटला ते पोचायला वेळ लागतो, आणि तो किती हे ज्याचे त्याने काठावर बसूनच शिकायचे असते. पुनव-अवसेच्या उधाणात ओढ इतकी असते की शिसे तळाला ठरत नाही आणि ढवळलेल्या गाळात माशाला आमिष दिसत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगात पाणी निवळते, पण हालचालच मंदावते. म्हणून जाणते लोक उधाण ओसरून भांग लागण्यापूर्वीचे दिवस निवडतात.

जागेची निवडही अशीच विचाराने होते. खारबांधाच्या उघाडीतून ओहोटीचे पाणी बाहेर पडू लागले की त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहून येते. ज्याला रायगडात जिताडा, रत्नागिरीत खजुरा आणि गोव्यात चोणक म्हणतात, तो मासा अशा वेळी धारेत पोहत नाही. धारेच्या कडेला, दगडाच्या किंवा कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला तो थांबतो आणि भक्ष्य समोर आले की झडप घालतो. म्हणून जिवंत कोळंबी लावलेला गळ धारेच्या मध्यावर न टाकता धार आणि संथ पाणी यांच्या शिवेवर टाकतात. तांबोशीही अशाच अडचणीच्या जागी असते. गळ घेताच ती मुळांत शिरते, म्हणून दोरी ढिली सोडून चालत नाही.

वाशिष्ठीवर याखेरीज आणखी एक हिशेब करावा लागतो. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून त्यावर वीज निर्माण होऊ लागली ती १९६२ मध्ये. ते पाणी पुढे कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. विजेची मागणी वाढली की नदीचे गोडे पाणी वाढते, मागणी उतरली की ते उतरते. दूरच्या शहरात दिवे लागले की चिपळूणच्या खाडीतला मासा जागा बदलतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ज्या जनतेच्या नदीचा स्वभाव सार्वजनिक गरजेसाठी बदलण्यात आला, तिला निदान त्या नदीच्या आरोग्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे की नाही?

हा हिशेब कुणी देत नाही. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक केंद्रात प्रक्रिया होऊन नळाने दाभोळच्या खाडीकडे जाते, अशी व्यवस्था आहे. कागदावर ती निर्दोष आहे. परंतु मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याचे खाडीकाठच्या गावांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे, आणि इथले भोई मच्छिमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवीत आले आहेत. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही अनुभव असा की मासे मेले म्हणजे नमुने घेतले जातात, आणि नमुने घेईपर्यंत दोन भरत्या येऊन गेलेल्या असतात. खाडी स्वतःच पुरावा धुऊन नेते. भांगाच्या दिवसांत तर पाण्याची अदलाबदल मंद असल्याने सोडलेले द्रव्य अधिक काळ आत घुटमळते. गळवाल्याला ठाऊक असलेली ही साधी गोष्ट सांडपाणी सोडणाऱ्याला ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरे संकट पायवाटेचे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल तेवढे अंतर संरक्षित होते. २०१९ च्या अधिसूचनेने शंभरचे पन्नास केले. पन्नास मीटर काठ कागदावरून पुसला गेला म्हणजे तेवढ्याच काठावर कुंपण, विश्रामगृह आणि खाजगी धक्का उभा राहण्याची वाट मोकळी झाली. मग त्याच पाण्यात गळ टाकणे ही ‘पर्यटकांची क्रीडा’ होते आणि गावचा माणूस पहारेकऱ्याच्या परवानगीवर येतो. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलसाठी वळविल्याच्या प्रकरणात, नदी, किनारा, वन यांसारखी संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व स्पष्टपणे मान्य केले आहे. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते; ती तुकड्या-तुकड्यांनी धनिकांच्या हवाली करायची नसते.

मात्र दोष केवळ शासनाचा आणि कारखानदारांचा, असे म्हणून गळवाल्यांना मोकळे होता येणार नाही. खजुरा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा मासा ही बहुधा अंड्यांची मादी असते. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात अंडी घालते आणि पिल्ले पुन्हा आत येतात. मोठ्यात मोठ्या खजुऱ्याबरोबर छायाचित्र काढून घेण्याची जी ईर्ष्या अलीकडे वाढली आहे, ती म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या माशांवर घातलेला घाव होय. पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणाऱ्या वळगणीच्या माशांचेही तेच. ते अंडी घालायला निघालेले असतात आणि उथळ पाण्यात टोपलीनेही सापडतात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. त्या बंदीचा जाच ज्या मच्छिमाराच्या चुलीला बसतो, त्याच्या डोळ्यांदेखत हौशी माणसाने गाभोळीचे मासे पोत्याने न्यावेत, हे कोणत्या न्यायात बसते?

इथेच या प्रश्नाचे मर्म आहे. भोयाचे जाळे पोटासाठी असते, हौशाचा गळ विरंगुळ्यासाठी. जिथे दोघांत संघर्ष असेल तिथे पोटाचा हक्क पहिला, याविषयी समाजवादी माणसाच्या मनात शंका असता कामा नये. पण खाडी मेली तर दोघेही बुडतात, आणि काठ विकला गेला तर दोघांचीही वाट बंद होते. आजवर भोयाची तक्रार ‘नुकसानभरपाईसाठीची ओरड’ म्हणून बाजूला सारणे यंत्रणेला सोपे गेले. त्या तक्रारीशेजारी मास्तराची, वाहकाची, कामगाराची वही उभी राहिली तर ते तितके सोपे जाणार नाही. ज्यांचा भरपाईशी काडीचाही संबंध नाही अशा माणसांनी तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वास, लागलेले आणि मेलेले मासे दर रविवारी लिहून ठेवले, तर वर्षभरात खाडीचा असा रोजनामा तयार होईल की तो खोटा ठरविणे कुणालाही जड जावे. त्यात कामगाराची अडचण मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आठवडाभर ज्या कारखान्यात तो राबतो, त्याच्याच सांडपाण्याची नोंद रविवारी त्याने करायची. नोकरी की नदी, असा पेच त्याच्यापुढे उभा करणारी व्यवस्थाच बदलायला हवी. तोवर त्याच्या पाठीशी संघटनेने उभे राहायला हवे.

मागण्या फार नाहीत. सांडपाणी कोणत्या दिवशी, किती आणि कोणत्या दर्जाचे सोडले, याची नोंद खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावी. नमुने घेताना मच्छिमारांचा प्रतिनिधी हजर असावा. पाण्यापर्यंत जाणाऱ्या वहिवाटीच्या पायवाटा गावच्या दप्तरात नोंदवून त्यांवर कुंपण घालण्यास मनाई व्हावी. आणि हौशी माणसांनी स्वतःवर तीन बंधने घालून घ्यावीत: मासा विकायचा नाही, लहान पिल्लू आणि फार मोठा खजुरा परत सोडायचा, वळगणीला हात लावायचा नाही. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब आधी चोख ठेवावा लागतो.

कोकणच्या मातीला सार्वजनिक पाण्याचा अर्थ वेगळा शिकविण्याची गरज नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर माणुसकीचा जो लढा झाला, त्याच्या शेजारी गळाच्या छंदाला बसविण्याचा उद्धटपणा कुणी करू नये. पण पाणी सर्वांचे आहे असा ठराव कागदावर झाल्याने ते सर्वांचे होत नाही, माणसांनी काठावर जाऊन उभे राहावे लागते, हा त्या लढ्याचा धडा सर्व पाण्यांना लागू आहे. रविवारी पहाटे बांधावर बसलेला माणूस नकळत तेच करीत असतो. त्याने आता ते जाणून करावे, आणि शेजारी होडी घेऊन उतरणाऱ्या भोयाला सोबत घेऊन करावे.