सांधा : जशी रचना, तसे कार्य

धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीच्या टेकडीवर वंदनेसाठी चढणारा यात्रेकरू प्रत्येक पावलाला अनेक सांधे वापरतो. लक्ष मात्र जाते ते दुखऱ्या गुडघ्याकडे. पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. कोणत्या सांध्याकडून किती अपेक्षा करावी, हे कळण्यासाठी सांध्यांचे प्रकार जाणणे उपयुक्त ठरते.

दोन किंवा अधिक हाडे जेथे एकत्र येतात, तो सांधा. त्याची ओळख दोन प्रश्नांनी पटते : हाडे कशाने जोडली आहेत आणि ती किती हलतात? पहिला प्रश्न रचनेचा, दुसरा कार्याचा.

रचनेनुसार सांधे तीन प्रकारचे. तंतुमय सांध्यात हाडे चिवट तंतूंनी बांधलेली असतात. उदाहरणार्थ, कवटीच्या शिवणी. कूर्चामय सांध्यात मध्ये कूर्चेची गादी असते; जसे पाठीचे मणके. द्रवयुक्त सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये पोकळी आणि तीत वंगणासारखा द्रव असतो. जसे खांदा व गुडघा. कार्यानुसार हेच सांधे अनुक्रमे अचल, अर्धचल आणि चल ठरतात. परंतु ही जुळणी सर्वत्र लागू पडत नाही. वाढत्या मुलांच्या लांब हाडांतील वाढीची पट्टी कूर्चेची असूनही अचल असते. घोट्याच्या वर पायाची दोन हाडे तंतूंनी बांधलेली असूनही किंचित हलतात. म्हणूनच दोन्ही वर्गीकरणे आवश्यक आहेत.

चल सांध्यांतही भेद आहेत. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. ते सर्व दिशांना फिरतात. खांद्याची उखळ उथळ, म्हणून हात मोकळा फिरतो, पण खांदा सहज निखळतो. खुब्याची उखळ खोल, म्हणून तो शरीराचा भार स्थिरपणे पेलतो. कोपर आणि गुडघा मुख्यतः बिजागरीसारखे; त्यांचे काम वाकणे आणि सरळ होणे. गुडघा वाकलेला असताना थोडासा वळतो, एवढेच.

पद्मासनात बसताना हा भेद महत्त्वाचा ठरतो. पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढून मांडीवर ठेवले, तर तो पीळ गुडघ्यावर पडतो आणि आतील गादीला किंवा स्नायुबंधाला इजा होऊ शकते. ज्येष्ठांनी अशा वेळी साधी मांडी घालावी किंवा खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही.

मात्र दुखते म्हणून चालणेच सोडून देणे हिताचे नाही. प्रौढांच्या सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने ती दाबली जाते व पुन्हा फुलते आणि सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. सूज किंवा तीव्र वेदना असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. एरवी सपाट रस्त्यावरचे नियमित चालणे हाच सांध्याचा आहार होय.