‘शून्य कमिशन’ची किंमत

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी प्रथमच ओलांडली, तेव्हा चर्चा रंगली ती आयात, निर्यात आणि शेअर बाजाराची. परदेशी निघालेला सामान्य प्रवासी त्या चर्चेत फारसा कुठे नव्हता. गोव्यासारख्या राज्यात मात्र हा विषय गौण मानता येत नाही. आखातातल्या लेकाकडे जाणारे आईवडील, जहाजावर रुजू होणारे तारवटी, पोर्तुगाल किंवा ब्रिटनमधल्या आप्तांना भेटायला निघालेली कुटुंबे, या सर्वांच्या हिशेबात रुपयाची घसरण थेट उतरते. ती रोखणे कोणाच्या हाती नाही. परंतु चलन बदलताना त्याखेरीज आणखी एक रक्कम खिशातून जाते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.

वृत्तपत्रांत छापला जाणारा दर हा बँकांनी आपसात केलेल्या मोठ्या व्यवहारांचा असतो. चलनविनिमय केंद्र ग्राहकाला चलन त्याहून चढ्या दराने विकते आणि उतरत्या दराने परत घेते. या दोन दरांमधील अंतर हीच त्याची कमाई. त्यामुळे ‘कमिशन शून्य’ अशी पाटी खरी असू शकते आणि तरीही व्यवहार महागात पडू शकतो.

दुबईचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी जखडलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. डॉलर ९० रुपयांना धरला, तर दिरहम सुमारे साडेचोवीस रुपयांना पडायला हवा. समजा, केंद्राने तो २५ रुपये ७५ पैशांना विकला. चार हजार दिरहमांसाठी ९८ हजारांऐवजी १ लाख ३ हजार रुपये मोजावे लागले. परत येताना उरलेले पाचशे दिरहम २३ रुपये २५ पैशांनी विकले, तर आणखी ६२५ रुपये गेले. पहिल्या व्यवहारावरील वस्तू व सेवा कर सुमारे १८३ रुपये होतो आणि तो पावतीवर नोंदलेला असतो. दरातून गेलेले पाच हजार मात्र स्वतंत्र आकडा म्हणून समोर येत नाहीत.

हे अंतर सर्वत्र सारखे नसते. विमानतळावरील केंद्राचे भाडे मोठे आणि समोरचा ग्राहक अडलेला. तेथे ते सहसा अधिक असते. पणजी, मडगाव, म्हापशात किंवा किनारपट्टीवर दोन-तीन अधिकृत परवानाधारकांकडे चौकशी केली, तर घासाघीस करण्यास वाव मिळतो. विचारण्याचा प्रश्न एकच असावा: ‘सर्व आकार आणि कर धरून एवढ्या दिरहमांना एकूण किती रुपये?’ पन्नास हजार वा त्याहून अधिक रुपयांचा व्यवहार रोखीने करता येत नाही, आणि बहुतेक देशांच्या प्रवासासाठी नोटांच्या रूपात तीन हजार डॉलरपर्यंतच चलन मिळते, हेही आधी ठाऊक असलेले बरे.

थायलंडसारख्या देशाचे गणित थोडे वेगळे. आपल्याकडे बाथची उलाढाल कमी असल्याने त्याच्या दरातील अंतर मोठे असू शकते. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा नेऊन तेथे शहरात बदलल्या, तर दोनदा विनिमय होऊनही पदरात अधिक पडण्याची शक्यता असते.

कार्डाने हा प्रश्न सुटतो, असा समज आहे. अनेक क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहारासाठी साडेतीन टक्के अधिभार असतो. त्यावर अठरा टक्के कर धरला, की लाखामागे ४,१३० रुपये होतात. अधिभार नसलेली किंवा कमी असलेली कार्डेही मिळतात, म्हणून निघण्यापूर्वी अटी वाचाव्यात. परदेशी दुकानदार ‘रुपयांत बिल करू का?’ असे आपुलकीने विचारतो, तेव्हा नकार द्यावा. होकार देताच दर ठरवण्याचा अधिकार दुकानाच्या यंत्रणेकडे जातो, आणि तो दर सहसा महाग असतो. पैसे स्थानिक चलनातच चुकते करावेत. क्रेडिट कार्डाने रोकड काढली, तर व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

रुपया सावरेल या आशेने शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यांची गाठ बहुधा विमानतळावरील केंद्राशीच पडते. उद्याचा दर कोणालाच सांगता येत नाही. प्रवास ठरताच गरजेपुरते चलन दोन-तीन टप्प्यांत घेतले, तर चढउताराची झळ विभागली जाते. शिवाय उरलेले चलन परत विकताना होणारा तोटा टाळायचा, तर मुळातच जास्त घेऊ नये.

प्रवाशाची दक्षता आवश्यक आहे, पण सारा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू झाला. लहान ग्राहकालाही बाजाराच्या जवळचा दर मिळावा, हा त्याचा हेतू. तो गावातल्या बँक शाखेपर्यंत नेण्याची गरज आहे. युरोपीय संघाने तर २०१९ च्या नियमानुसार, संघातील चलनांच्या कार्ड व्यवहारांत ग्राहकाच्या चलनात रक्कम आकारायची असल्यास, ती मध्यवर्ती बँकेच्या दराहून किती टक्क्यांनी महाग आहे, हे आधी सांगणे बंधनकारक केले. आपल्याकडेही कामकाजाच्या प्रत्येक दिवशी रुपयाचा संदर्भ दर जाहीर होतो. तो दर आणि प्रत्यक्ष आकारलेला दर प्रत्येक केंद्राच्या फलकावर व पावतीवर शेजारी-शेजारी ठळकपणे छापले जावेत. आयुष्यात एकदाच विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांना टक्केवारीचे गणित येईलच असे नाही, पण दोन आकड्यांतला फरक त्यांना नक्कीच कळतो.