मॉस्कोचे दुकान, महाडचे तळे : विषमता मोजायची कशाने?

समाजवादी देशांत उत्पन्नाची विषमता कमी होती, असे गिनी गुणांकाच्या आधारे सर्रास सांगितले जाते. आकडा खोटा असतोच असे नाही. तो नेमके काय मोजतो, हे मात्र आधी विचारले पाहिजे.

सोव्हिएत संघात कौटुंबिक खर्चाच्या पाहण्या होत असत. पण कुटुंबे निवडली जात ती कारखाने, कचेऱ्या आणि सामूहिक शेतांमार्फत. वेतनविभागणीचा तपशील बहुतांशी अप्रकाशित राही. अब्राम बर्गसनसारख्या अभ्यासकांना तुटक आकड्यांवरूनच अंदाज बांधावे लागले.

खरी अडचण याहून खोल आहे. रुबल एकच असला, तरी दुकान एक नव्हते. पक्षातील वरिष्ठांना राखीव दुकाने, वेगळी रुग्णालये. इतरांच्या वाट्याला रांग. वेतनाच्या तक्त्यात हा फरक उतरणार कसा?

आपल्याकडे हे महाडइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरवले. तरीही पाणी मिळाले नाही. म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह. कोकणात लष्कराचे निवृत्तिवेतन घेणारे महार सैनिक पुष्कळ होते. उत्पन्नाच्या तक्त्यात असा सैनिक एखाद्या दरिद्री सवर्णाच्या वरच्या ओळीत बसला असता. तळ्यावर मात्र नाही.

खोतीचेही तसेच. खोताला मिळणारे धान्य एक वेळ मोजता येईल, कुळाकडून घेतलेली वेठ कोणत्या रकान्यात लिहायची? खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

याच महाड तालुक्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५० मध्ये अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, हा योगायोग सुखद आहे. पाहणीने भर दिला तो उत्पन्नावर नव्हे, कुटुंबाच्या खर्चावर. हा निर्णय शहाणपणाचा होता. घरचा तांदूळ आणि मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर यांवर चालणाऱ्या पोलादपूरकडील घराचे 'उत्पन्न' विचारून हाती काय लागणार? पुढे १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याचा हिशेब मांडला तो याच खर्चाच्या आकड्यांवर : १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये, शहरात साडेबावीस.

तथापि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेची भाषा करणाऱ्या देशालाही पाणवठा मोजणारा रकाना या पाहणीतून मिळाला नाही. सोव्हिएत आकड्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. त्या खटल्यात कोणाचे उत्पन्न किती, हे विचारण्याचे कारणच पडले नाही.