छोट्या संगणकाचा नवा प्रोसेसर

दौलताबादेस उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. अशा हवेत मुलांच्या खेळाच्या छोटेखानी संगणकात नवा प्रोसेसर बसवताना वेगाआधी उष्णतेचा हिशेब मांडावा.

एएमडीचा २०१९ मधील रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा. त्याच एएम४ सॉकेटमध्ये २०२२ चे ५८००एक्स३डी व ५७००एक्स बसतात. दोन्ही आठ कोअरचे. पहिला खेळांत सरस, परंतु १०५ वॅटचा. दुसरा ६५ वॅटचाच. अरुंद पेटीतील बुटक्या कूलरला दुसराच झेपतो. दोहोंसोबत कूलर मिळत नाही, म्हणून जुना जपावा.

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. एरवी नवा बसवूनही पडदा काळाच राहण्याचा संभव. मग यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, वीज तोडावी आणि कूलर हलकेच फिरवत सोडवावा. तो सरळ उपटला तर प्रोसेसरही निघून येतो व पिना वाकतात.

तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी येथे आणली, पण ती टिकली नाही. वैभव आणण्यापूर्वी जागेचे बळ जोखावे. तसे केल्यास निम्मा संगणक भंगारात जात नाही आणि घरचा पैसाही वाचतो.