मुळशीचा जुलै, गोव्याचा डिसेंबर

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुळशी धरणाकडे पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. गोव्यात तेच दिवस मंदीचे. टाइमशेअरची, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याच्या विकत घेतलेल्या हक्काची, अदलाबदल चालते ती अशाच चढउतारावर. १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आरसीआय या अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीने आठवड्याला आठवडा ही पद्धत रुजवली, पॉइंटची पद्धत नंतर आली. आपल्याकडची टाइमशेअर कंपनी महिंद्रा हॉलिडेज १९९६ ची. जगात कुठेही जा, असं विकणारा सांगतो. जाता येतंही, पण तिथे कुणी खोली सोडली असेल तर! शिवाय अदलाबदलीचं शुल्क वेगळं, आणि देखभालीची वार्षिक वर्गणी गेलात न गेलात तरी भरायचीच. मुळशीतला मंगळवार देऊन गोव्याचा नाताळ मागणाऱ्याने सही करण्याआधी त्याच तारखांची रिकामी खोली दाखवायला सांगावी.